ड्रॉ आधी कोण मागणार

शेवटच्या राउंडच्या आधी मी कूलरपाशी पाणी पीत होते, तेव्हा आमोद रिसबूडची आई माझ्याजवळ आली. तिला वाटलं मी तिला ओळखत नसेन. तीन दिवस ती दोरीपलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून थर्मासमधून त्याला काहीतरी पिवळं पाजत होती. अस्मिता काकू. आख्खा हॉल ओळखत होता.

"तूच द्वारका ना?"

"हो."

"छान नाव आहे गं. हल्ली ठेवत नाहीत कुणी." मग आवाज खाली आणला. "तुम्ही दोघंही साडेचारवर आहात. ड्रॉ झाला की दोघांचे पाच पाच, दोघंही टीममध्ये. लक्षात आलंय ना तुझ्या?"

"आलंय."

"मग तीस चाली झाल्या की तू ऑफर दे. तो घेईल."

"तो का नाही देत?"

"अगं, त्याचं रेटिंग सतराशे नव्वद. तुझं..."

"पंधराशे बारा."

"तेच म्हणतेय मी. त्याने तुझ्याकडे मागायचं, कसं दिसतं ते?"

मी ग्लास कूलरवर आपटला. "काकू, मी पण मागणार नाही. आणि हे आधी ठरवून ठेवणं नियमात बसत नाही. पद्मजा मॅडमना विचारू का?"

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. चपलांवर जरा जास्त वेळ. "कुठल्या शाळेत आहेस गं तू?"

"कुठल्याच नाही."

"ते कळतंच आहे," म्हणाली आणि गेली.

तिचा हिशेब मात्र बरोबर होता, म्हणून तर डोकं फिरलं. एकोणीस वर्षांखालची जिल्ह्याची चेसची निवड, सात राउंड, पहिले चार राज्य स्पर्धेला. पाचवर मागून कुणी आलं असतं तरी आमचा टायब्रेक, म्हणजे बरोबरीत पुढे कोण ते ठरवणारा हिशेब, चांगला होता. हरेल तो साडेचारवर राहणार आणि मागचा कुणीतरी त्याच्या डोक्यावर पाय देऊन वर जाणार. मुलींची निवड जूनमध्ये झाली, तेव्हा आम्ही मूर्तिजापूरला काकाच्या लग्नात बुंदी खात होतो. त्यामुळे माझ्याकडे हा एकच गट उरला होता, पोरांचा.

आणि पप्पांशी बोली झाली होती. नववी अर्धी सोडून मला दीड वर्ष झालं. बाईंनी माझी वही वर्गासमोर हसत हसत वाचून दाखवली, मी ती हातातून ओढली, ती फाटली, मी गेटबाहेर गेले ती गेलेच. पप्पा म्हणाले होते, टीममध्ये नाव आलं तर वर्षभर शाळेचा विषय काढणार नाही. नाही आलं तर सोमवारी सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून दहावी, सकाळ-संध्याकाळ क्लास आणि फोन त्यांच्याकडे जमा. मी चेस शिकले तीच फोनवर, मार्केट यार्डात पप्पांचा टेम्पो भरेपर्यंत केबिनमध्ये बसून. घरात पट नाही. फोन गेला की चेस गेलं.

म्हणजे मला अर्धा पॉइंट हवा होता. त्यालाही अर्धाच हवा होता. आणि दोघांपैकी कुणीतरी तोंड उघडायला पाहिजे होतं.

बाहेरच्या माणसाला हे समजत नाही. त्याला वाटतं, मग मागा ना. पण ज्याने आधी मागितला तो घाबरला, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं, आणि कमी रेटिंगवाल्याने मागितला तर ती भीकच. वर या वर्षी नवीन नियम आला होता. मागच्या वर्षी दोघं आठ चालींत ड्रॉ करून मिसळ खायला निघून गेले, म्हणून आता दोघांच्या तीस-तीस चाली होईपर्यंत ड्रॉ मागायला बंदी. हॉल म्हणजे कोथरूडचं एक मंगल कार्यालय. पंगतीच्या टेबलांवर पट मांडलेले आणि दारावर कागद: 'तीस चालींच्या आत ड्रॉ मागू नये. पालकांनी दोरीच्या आत येऊ नये. दोरीबाहेरून खुणाही करू नयेत, आम्हाला दिसतात.'

आमोद आला, बसला, पेनाचं टोपण काढलं.

"हाय, द्वारकाआजी."

मी गप्प बसायला हवं होतं.

"तुझी आई आत्ता माझ्याकडे आली होती," मी म्हटलं. "तुला ड्रॉ हवाय म्हणाली."

त्याचे कान लाल झाले. "तिला काय कळतंय."

"तुझ्यापेक्षा जास्त कळतंय. ती मोजून आली होती."

"गप बस."

"घाबरलास तर सांग. तीस चालींनंतर सांग पण, नियम आहे."

आणि तिथेच मी माती खाल्ली. बोलून झाल्यावर कळलं. आता हा मेला असता तरी आधी मागणार नव्हता.

पंच पद्मजा मॅडमनी घड्याळं सुरू करायला सांगितली. प्रत्येकी साठ मिनिटं, चालीमागे वाढीव सेकंद एकही नाही. वेळ संपली की हरलात. त्याची पांढरी, माझी काळी.

पहिल्या वीस चालींत काहीच झालं नाही. दोघंही कचरा खेळत होतो. दोन माणसं बसस्टॉपवर उभी असतात आणि बस कधी येते म्हणून एकमेकांशी बोलत नाहीत, तसं. वजीर गेले, एकेक हत्ती गेला. तो प्रत्येक चालीला पेनाने स्कोअरशीटवर टक टक करायचा. लिहून झालं की टक टक, विचार करताना टक टक. मी एकदा बघितलं त्याच्याकडे, त्याने थांबवलं आणि दोन मिनिटांनी परत सुरू. माझ्या मारलेल्या सोंगट्या त्याने उंचीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. घोड्याचं तोंड माझ्याकडे.

पंचविसाव्या चालीच्या आसपास मला दिसलं. माझं डावीकडचं एक प्यादं एकटं पडलं होतं. त्याचा घोडा दोन उड्या मारून तिथे आला की ते वाचत नव्हतं. आणि ते गेलं की पुढचं सगळं कठीण. त्याला अजून दिसलं नव्हतं. तो पट बघतच नव्हता, शीटवरचे आकडे बघत होता. तिसापर्यंत किती राहिल्या ते.

ड्रॉ मागायची वेळ कुठली, यावर लोक फोनवर अर्ध्या अर्ध्या तासाचे व्हिडिओ टाकतात. पोझिशन समान असेल तेव्हा मागा, समोरच्याचा वेळ कमी असेल तेव्हा मागा. सगळं खोटं. तुला दिसलंय आणि त्याला अजून दिसलं नाही, त्या मधल्या फटीत मागायचा असतो. मग इज्जत गेली तरी चालते. मी स्वतःला सांगितलं, एकदा तोंड उघड, एक शब्द, आणि सोमवार कॅन्सल.

तर मी चाली मोजत राहिले. अठ्ठावीस. एकोणतीस. माझ्या शीटवर तीस लिहून झालं, मी उंट मागे घेतला आणि घड्याळ दाबायच्या आधी म्हटलं, "ड्रॉ."

आवाज इतका बारीक निघाला की मलाच लाज वाटली.

आमोदने मान वर केली. मग स्वतःची शीट पाहिली. बोटाने खालून वर गेला, वरून खाली आला. आणि त्याने हात वर केला.

पद्मजा मॅडम आल्या. साठीच्या असतील. चष्मा गळ्यात, पेन्सिल कानावर.

"मॅडम, हिने एकोणतिसाव्या चालीला ड्रॉ मागितला."

"तिसाव्या," मी म्हटलं.

मॅडमनी घड्याळ थांबवलं, दोन्ही शीट शेजारी ठेवल्या आणि पेन्सिल फिरवत गेल्या. पेन्सिल एका जागी थांबली.

"चौदावी चाल तुम्ही दोनदा लिहिली आहे," त्या मला म्हणाल्या. "इतकी आवडली का?"

मी बघितलं. खरंच होतं. चौदा आणि पंधरा, दोन्हीकडे तोच घोडा, तेच घर. ती टक टक सुरू होती तेव्हा. त्याच्या पेनाकडे बघत मी लिहिलं होतं.

"ऑफर बाद. याला दोन मिनिटं जास्त. आणि पुढच्या वेळी मोजता आलं नाही तर विचारा. त्यासाठीच बसलोय आम्ही."

शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी हसलं. कोण ते मी पाहून ठेवलं.

घड्याळ परत सुरू झालं आणि आमोदने त्या दिवशी पहिल्यांदा पट बघितला. नीट बघितला. पेन खाली ठेवलं, कोपरं टेबलावर टेकली. त्याला आता एकच गोष्ट शोधायची होती. ही घाबरली कशाला? दोन मिनिटांपूर्वी त्याच्यासाठी तो पट म्हणजे रिकामा रस्ता होता. मीच बोट दाखवलं होतं, इथे खड्डा आहे बघ.

त्याला चौदा मिनिटं लागली. मग त्याने घोडा उचलला आणि बरोबर त्या घरात ठेवला. आणि हसला. दात न दाखवता.

दोन चालींनी माझं प्यादं गेलं. तोवर तीस चाली होऊन गेल्या होत्या. आता त्याला पाहिजे तेव्हा मागता आला असता. मागे काकू खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. खुणा करायला बंदी म्हणून ती नुसती मान हलवत होती, माग, माग. त्याने एकदा वळून पाहिलं आणि खुर्ची अशी फिरवली की आईकडे पाठ झाली. त्याला आता अर्धा पॉइंट नको होता. मी त्याच्याकडे मागितला होता ना, आता त्याला मी हरलेली पाहिजे होते.

मी परत मागू शकत नव्हते. मागितलाच असता तर तो हसून नाही म्हणाला असता. त्यापेक्षा सतरा नंबरचा फॉर्म बरा.

मग मी लटकले. प्रत्येक चाल कशीबशी. तो जिथे यायचा तिथे आधी जाऊन उभी राहायचे. घोडा आणि उंट एकमेकांवर गेले. एकेक हत्ती राहिला, त्याची चार प्यादी, माझी तीन. तो खूप वेळ घ्यायला लागला, कारण त्याला चूक करायची नव्हती. बरोबर चाल असतानाही तो तिला अजून बरोबर करत बसायचा. मी भराभर खेळत होते, रागात माझे हात पटापट चालतात. त्याचं घड्याळ दहावर आलं, सातवर आलं, पाचवर आलं. पाच मिनिटांखाली चाली लिहायची सक्ती नसते, तर त्याने पेन खिशात ठेवलं. टक टक थांबली आणि हॉलमध्ये पंखे ऐकू आले.

मग त्याचा राजा माझं अजून एक प्यादं खायला गेला. आधीच एक जास्त होतं त्याच्याकडे. दुसऱ्याची गरज नव्हती.

राजा सोडला आणि त्याचा हात तिथेच हवेत राहिला. त्यालाही तेव्हाच दिसलं. माझं उजव्या कडेचं प्यादं मोकळं झालं होतं आणि त्याचा राजा चार घरं लांब होता. मी प्यादं पुढे टाकलं. त्याने हत्ती मागे आणला, दुसरं काही नव्हतंच. मी परत टाकलं. आता दोन घरं राहिली होती. त्याने हत्ती अजून मागे घेतला, कोपऱ्यात, आणि एका दमात म्हणाला, "ड्रॉ," आणि घड्याळ दाबलं.

त्याची तीन मिनिटं. माझी आठ.

हो म्हणायचं, संपलं. पाच पॉइंट, टीम, वर्षभर शाळा नाही. सकाळपासून एवढंच तर हवं होतं. पण पट माझा झाला होता. हत्तीच्या बदल्यात हत्ती, प्यादं वजीर, मग मात. लांब होतं, पण होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने मागितला होता. सतराशे नव्वदने.

नियम असा आहे की एकदा दिलेली ऑफर परत घेता येत नाही. मी हो किंवा नाही म्हणेपर्यंत ती तिथेच लटकत राहते. मी सोंगटीला बोट लावलं तरी ते नाही धरतात. म्हणून मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्याच्याकडे बघत बसले.

तो आधी पटाकडे बघत होता. मग माझ्याकडे. मग परत पटाकडे.

मी उठले आणि कूलरपाशी गेले. काकूच्या समोरून. हळू. ग्लास धुतला, भरला, प्यायले, परत भरला.

"घे ना गं," काकू कुजबुजली. "तुझ्याच भल्याचं आहे."

"बोलू नका," मी म्हटलं. "दारावर लिहिलंय."

परत येऊन बसले. चार मिनिटं राहिली होती माझी. त्याने माझी मेलेली प्यादी उचलून परत रांगेत लावली. एक पडलं. त्याने ते उचललं नाही.

"घेतेयस का?" तो म्हणाला.

मी हात वर केला.

पद्मजा मॅडम आल्या. "आता काय?"

"मॅडम, हा दुसऱ्यांदा विचारतोय. मी विचार करतेय ना."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. "एकदा विचारलं की उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. भाजी मंडई आहे का ही?" आणि मला दोन मिनिटं दिली. मंडई म्हटल्यावर मला त्यांचाही राग आला. आमच्या यार्डात माल घ्यायचा नसेल तर माणूस तोंडावर सांगतो. एवढा घोळ इथेच असतो.

त्याचे डोळे ओले व्हायला लागले होते. तो वर बघत होता, पंख्याकडे, म्हणजे पाणी खाली येणार नाही. मला दिसत होतं. मला त्याची हनुवटी दिसत होती, नखं खाल्लेली बोटं दिसत होती, शर्टाच्या कॉलरवर सांडलेलं ते पिवळं दिसत होतं. आजी म्हणालास ना, बस आता. दाताखालचा खडा माणूस उगाच जिभेने फिरवत राहतो तसं मी करत होते. किती वेळ, माहीत नाही.

मग घड्याळाकडे नजर गेली.

बावन्न सेकंद.

फोनवर मी बावन्न सेकंदांत तीस चाली मारते. पण फोनवर बोट फिरवायचं असतं. इथे सोंगटी उचला, ठेवा, घड्याळ दाबा, परत उचला. मी मोजलं, मात व्हायला अजून एकवीस चाली. मोजण्यात नऊ सेकंद गेले. त्याच्याकडे तीन मिनिटं होती आणि एक हत्ती होता, माझा वेळ संपेपर्यंत तो नुसता पुढे-मागे करत राहिला असता.

एकोणचाळीस.

प्यादं तिथेच होतं, दोन घरांवर.

"घेतला," मी म्हटलं.

त्याने घड्याळ थांबवलं आणि इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्या टेबलावरच्याने वळून पाहिलं. मग हात पुढे केला. मी शीटवर सही करत राहिले.

"हात मिळवा," मागून पद्मजा मॅडम म्हणाल्या. "नको असेल तर नंतर धुवा. मागे बेसिनं आहेत भरपूर."

मिळवला. त्याचा हात गार आणि ओला होता.

अर्ध्या तासाने यादी लागली. तिसरा रिसबूड आमोद, चौथी गावंडे द्वारका रंगनाथ. काकू यादीचा फोटो काढत होती. फोटोत मीही आले असेन, कारण ती वळली.

"शेवटी तेच झालं ना? सकाळीच ऐकलं असतंस तर पोरांचे इतके हाल झाले नसते."

"सकाळी तुम्ही मला मागायला सांगत होता," मी म्हटलं. "मागितला त्याने. सगळ्यांना सांगा नीट."

ती काही बोलायच्या आत मी बाहेर गेले. आमोद तिथेच पायरीवर बुटाची नाडी बांधत होता. वर न बघता म्हणाला, "जिंकत होतीस तू."

"माहितीये."

"आठ मिनिटं होती तुझ्याकडे. वर दोन मिळाली."

"मग?"

"मग काय. तू पट बघतच नव्हतीस. मला बघत होतीस." त्याने दुसरी नाडी ओढली. "राज्याला असं करू नकोस. तिथे टीम आहे. तू तिथे कुणाचं तोंड बघत बसलीस तर मी पण हरणार."

त्याच्या तोंडावर मारावं असं वाटलं. पण तो खोटं बोलत नव्हता, आणि खरं बोलणाऱ्याला मारून उपयोग नसतो. तो परत तेच बोलतो.

"आईला घरी ठेवून ये," मी म्हटलं.

"ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला आणि गेला.

स्टॉपवर आले आणि पप्पांना फोन लावला. मागे हमालांची ओरड, गाडी रिव्हर्स घेतल्याची पी पी.

"जिकली का वं?"

"ड्रॉ झाला."

"म्हंजे हरली?"

"नाही."

"म्हंजे जिकली?"

"पप्पा, यादीत नाव आलंय. चौथं."



"मंग सोमवारी?"

"सोमवारी काही नाही."

"वर्षभर," पप्पा म्हणाले. "वर्षभरच हाय बरं. एक दिस जास्त नाई." आणि कुणावर तरी ओरडत त्यांनी फोन ठेवला.

मी तिथेच उभ्या उभ्या ती पोझिशन फोनवर लावली. माझा हत्ती, त्याचा हत्ती कोपऱ्यात, प्यादं दोन घरांवर. माझ्या बाजूला बावन्न सेकंद, समोर मशीन. पहिल्यांदा वेळ संपली. दुसऱ्यांदा घाईत वजीरच देऊन बसले. हडपसरची बस आली, माणसं चढली, कंडक्टर माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाला. मी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा प्यादं वर गेलं, वजीर झालं, राजा कोपऱ्यात अडकला आणि मात झाली. सहा सेकंद राहिले होते.

बस निघून गेली होती. पुढची पंचवीस मिनिटांनी होती.